तीस इंचांचा हिशेब

कमरेएवढ्या ताज्या हिमात स्नोमोबाईल रुतली की पहिली चूक अंगठ्याकडून होते. हँडलच्या उजव्या मुठीपाशी थ्रॉटलची छोटी दांडी असते, ती चालवणारा आणखी दाबतो. इंजिन किंचाळतं, खालचा रबरी पट्टा गरगर फिरतो, मागे हिमाचा फवारा उडतो आणि यंत्र जागच्या जागी खाली जातं. बघता बघता शेपटी खड्ड्यात आणि नाक आभाळाकडे. मग खाली उतरायचं, पाठीवरच्या पिशवीतून फावडं काढायचं, समोरचं नि बाजूचं हिम पायांनी तुडवून घट्ट करायचं, आणि घाई न करता दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात तुडवलेल्या हिमाचे कण एकमेकांना चिकटतात, खाली टणक थर तयार होतो, आणि मघाशी जागचं न हलणारं यंत्र हलक्या हाताने थ्रॉटल दिल्यावर बाहेर येतं.

या पंधरा मिनिटांत इंजिनाची ताकद वाढलेली नसते. बदललेलं असतं ते खालचं हिम. पट्ट्याने कितीही जोर लावला तरी तो झेलायला खाली टिकाव धरणारं काहीतरी हवं. म्हणूनच कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंग, आयडाहोच्या डोंगरांत फिरणारे लोक इंजिनाच्याही आधी पट्ट्याकडे बघतात. १२१ इंचांचा मूळ पट्टा काढून १३६, १४४, कधी १५१ इंचांचा बसवतात. ऐकायला हे सायकलची चेन बदलण्याइतकं सोपं वाटतं. पण पट्टा लांबला की त्याच्या आतला सांगाडा, वरचं ॲल्युमिनियमचं छत, दातेरी चाकं, गिअर, पुढच्या स्की, वळण घेण्याची रीत, इंजिन थंड ठेवण्याची सोय, अशा सगळ्यांपर्यंत तो बदल पोचतो. एका बाजूला वाढवलेल्या प्रत्येक इंचाची किंमत दुसऱ्या बाजूला चुकवावी लागते. १२१ वरून १५१ वर जाताना वाढतात ते तीस इंच. त्यांचा हिशेब इथे मांडतो.

हिम भार कसा पेलतं

मराठीत आपल्याला एकच शब्द पुरतो. सरबतातलाही बर्फ आणि गुलमर्गचाही बर्फ. इथे मात्र दोन्ही वेगळे धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घट्ट बर्फाच्या एका घनमीटरचं वजन सुमारे ९१७ किलो भरतं. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचं भरतं ५० ते १०० किलो. म्हणजे ताज्या हिमात दहापैकी नऊ भाग नुसती हवा. वाऱ्याने दाबलेलं, मुरलेलं हिम ३००-४०० किलोंपर्यंत जातं आणि त्यावरून माणूस सहज चालतो. स्नोमोबाईलला या दोन्ही टोकांवर काम करायचं असतं आणि खरी अडचण पहिल्या टोकाला येते.

कोकणात भाताच्या खाचरात चिखलणीला उतरलेला ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे त्याला हा प्रश्न नवा वाटणार नाही. साध्या टायरवर तो रुततो, म्हणून त्याला लोखंडी केज व्हील लावतात. पिंजऱ्यासारख्या त्या चाकामुळे वजन पसरतं आणि त्याच्या आडव्या पट्ट्या चिखलाला मागे रेटतात. स्नोमोबाईलचा पट्टाही हीच दोन कामं करतो. आधी भार इतका पसरायचा की खालचं हिम दबून का होईना पण तो पेलेल, आणि मग त्याच हिमाला मागे रेटून आपण पुढे सरकायचं. रेटताना हिमाचा थर तुटला की पट्टा नुसता फिरतो. फिरला की खणतो. खणला की रुततो.

व्हॅल्कूरचा मेकॅनिक

हिमावर पट्ट्याने भार पसरायची धडपड ज्यांनी आयुष्यभर केली ते जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए केबेक प्रांतातल्या व्हॅल्कूर गावचे. जन्म १९०७ चा. १९२२ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्यांनी जुन्या फोर्ड मोटारीचं इंजिन स्लेजवर चढवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि ती गाडी गावातून चालवून दाखवली. पुढे त्यांनी गॅरेज काढलं. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात, गावातले रस्ते हिमाखाली गेले की, हिमावर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों अपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बंद होते, इस्पितळ गाठता आलं नाही, आणि मुलगा गेला.

त्यानंतरच्या काळात त्यांनी रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबर-कापडाचा पट्टा अशी जोडी तयार केली. १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बी-७ ही गाडी विकायला आली. मग १९४० च्या दशकात बारा जणांची बी-१२ आली. केबेकच्या खेड्यांत या गाड्यांनी टपाल पोचवलं, मुलांना शाळेत नेलं, आणि आजारी माणसांना डॉक्टरकडे नेलं. एक-दोन माणसांनी चालवायची हलकी स्की-डू १९५९ मध्ये आली. कुत्र्यांच्या स्लेजची जागा घेणार म्हणून तिचं नाव आधी स्की-डॉग ठेवायचं होतं. बोम्बार्डिए एकटेच या वाटेवर नव्हते. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासन यांनी १९२४ मध्येच मोटार लावलेला स्लेज बांधला होता, आणि १९५० च्या दशकात मिनेसोटातल्या रोझो गावी पोलॅरिस कंपनीने आपली यंत्रं आणली.

ही सगळी गावं सपाट किंवा उतरत्या टेकड्यांच्या मुलखातली. तिथलं फिरणं गोठलेल्या तळ्यांवरून, शेतांतून, जंगलातल्या मळलेल्या वाटांवरून व्हायचं. त्याला छोटा पट्टा पुरे होता आणि बरीच वर्षं १२१ इंच हे सर्वसाधारण माप राहिलं. पश्चिमेच्या डोंगरांत गोष्ट वेगळी होती. तिथे हिम मीटरांनी पडतं, उतार तीव्र, आणि उंचीमुळे हवा विरळ. तिथल्या लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये पट्टे लांबवायला सुरुवात केली. कंपन्यांनी तयार डोंगरी यंत्रं बाजारात आणली ती नंतर, मुख्यतः १९९० च्या दशकात. पोलॅरिसच्या डोंगरी यंत्राच्या नावातल्या आरएमके या अक्षरांचा अर्थ रॉकी माउंटन किंग. आज कारखान्यातूनच १५४, १६५, १७४ इंचांचे पट्टे लावलेली यंत्रं मिळतात. तरीही जुनं, चांगलं चालणारं १२१ इंची यंत्र हाताशी असलेले लोक कमी नाहीत आणि नव्याची किंमत सगळ्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी गॅरेजमधलं हे काम अजून जिवंत आहे.

पट्ट्याच्या पोटात

यंत्र एका कुशीवर कलतं करून पाहिलं की रचना उलगडते. पट्टा रबराचा, बिनजोड. त्याच्या पोटात कापडाचे थर आणि आडव्या फायबरग्लासच्या सळया असतात. बाहेरच्या अंगाला आडवी रबरी पाती, त्यांना तिकडे लग किंवा पॅडल म्हणतात. मळलेल्या वाटेवरच्या यंत्राची पाती इंच-सव्वा इंच उंच, डोंगरी यंत्राची दोन ते तीन इंच. पट्ट्याच्या आतल्या पोकळीत ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या असतात, त्या रेल. रेलच्या तळाला गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावरून पट्ट्याचे धातूचे आकडे घसरत जातात. रेल, तिला धरणारे दोन दांडे, स्प्रिंगा, शॉक आणि छोटी चाकं या सगळ्याला मिळून स्किड म्हणतात. स्किड ज्या ॲल्युमिनियमच्या उपड्या पन्हळीखाली बसतो ती टनेल, आणि टनेलवर सीट. पुढच्या टोकाला इंजिनाकडून फिरणारी दातेरी चाकं म्हणजे ड्रायव्हर, मागच्या टोकाला पट्टा ताणून धरणारी मोठी चाकं.

पट्ट्यावर तीन आकडे सांगितले जातात: रुंदी, पूर्ण घेर आणि पात्यांची उंची. आपल्या उदाहरणातला जुना पट्टा १५ बाय १२१ बाय १, नवा १५ बाय १५१ बाय पावणेदोन. चौथा आकडा मात्र सगळ्यात कडक आहे, तो पिचचा. पिच म्हणजे पट्ट्यावरच्या लागोपाठच्या दोन टप्प्यांमधलं अंतर, जे ड्रायव्हरच्या दातांशी जुळावंच लागतं. २.५२ इंच पिचच्या पट्ट्यावर ४८ टप्पे घेतले की १२१ इंच होतात, ६० घेतले की १५१. मधला मनाला येईल तो आकडा मिळत नाही. २.८६ पिच घेतली तर ५७ टप्प्यांचा १६३ इंच, तीन इंच पिचवर ५८ टप्प्यांचा १७४ इंच. पिच बदलली तर ड्रायव्हरही बदलले पाहिजेत, नाहीतर दात टप्प्यांवर चढतात आणि पट्टा फाटतो.

तीस इंचांनी काय मिळतं

घेर तीस इंचांनी वाढला तरी जमिनीला टेकणारा भाग निम्म्याने म्हणजे १५ इंचांनी वाढतो, कारण उरलेले १५ इंच वरच्या बाजूने परत येतात. १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर. पट्ट्याची रुंदीही तेवढीच. आता समजा, जुन्या पट्ट्याचा ९० सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो, आणि यंत्र, चालवणारा, इंधन मिळून ३०० किलो भरतात. पुढच्या स्कींचा वाटा सोपेपणासाठी बाजूला ठेवू. टेकलेलं क्षेत्रफळ ३४२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ८८ ग्रॅम. नव्या पट्ट्यावर टेकणारी लांबी १२८ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ४८६४. लांबीमुळे वजन दहा किलोंनी वाढलं असं धरलं तरी दाब येतो ६४ ग्रॅम. पावपट दाब उतरला. तुलनेसाठी ७५ किलोंचा माणूस बूट घालून उभा राहिला आणि त्याच्या दोन तळव्यांचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर त्याचा दाब १८८ ग्रॅम होतो. माणसाच्या चौपट वजनाचं यंत्र त्याच्या एक तृतीयांश दाबाने हिमावर उभं राहतं. त्यावरून खाली उतरताच चालवणारा मांडीपर्यंत का रुततो ते यावरून कळतं.

क्षेत्रफळच वाढवायचं तर पट्टा रुंद का करू नये? याचं उत्तर जमिनीवरच्या वाहनांच्या शास्त्रात आहे. पोलंडमध्ये १९०५ साली जन्मलेले, पुढे कॅनडात आणि नंतर अमेरिकेत काम केलेले मिएचिस्वाव बेकर यांनी मऊ जमिनीत वाहन किती रुतेल आणि त्याला पुढे सरकायला किती जोर लागेल याचं गणित बसवलं. चंद्रावर १९७१ मध्ये चाललेल्या रोव्हर गाडीमागेही त्यांचं काम होतं. त्यांच्या गणितातून निघणारी गोष्ट अशी, की तेवढंच क्षेत्रफळ लांब-अरुंद असलं तर आखूड-रुंद असण्यापेक्षा चांगलं. वाहन पुढे जाताना समोरचं कोरं हिम दाबत जातं, आणि त्या दाबण्याचा खर्च चराच्या रुंदीवर ठरतो. रुंद पट्टा रुंद चर दाबतो. लांब पट्टा तेवढाच अरुंद चर दाबतो आणि मग त्याच दाबलेल्या जमिनीवर आपली सगळी लांबी टेकतो. शिवाय डोंगराच्या कडेने जाताना यंत्र एका बाजूला कलतं ठेवावं लागतं, आणि अरुंद यंत्र सहज कलतं.

तिसरा फायदा चढावर दिसतो. तीव्र चढ चढताना आखूड पट्ट्याचं यंत्र घोड्यासारखं मागच्या पायांवर उभं राहू पाहतं. मागे पंधरा इंच जास्तीचा टेकू मिळाला की पुढचं टोक खाली राहतं आणि स्की दिशा देत राहतात.

काम प्रत्यक्ष होतं तेव्हा

कामाची सुरुवात मागची बाजू साखळीच्या कप्पीवर उचलण्याने होते. चेनकेस म्हणजे इंजिनाकडून येणारा जोर साखळीने खालच्या शाफ्टला देणारी पेटी. तिच्यातलं तेल काढायचं, झाकण उघडायचं, साखळी आणि दोन दातेरी चक्रं बाहेर घ्यायची. मग स्किडचे चार बोल्ट, दोन पुढच्या दांड्याचे आणि दोन मागच्या. शेवटचा बोल्ट सुटला की पूर्ण सांगाडा धप्पकन खाली येतो, म्हणून आधीच लाकडाचे ठोकळे लावून ठेवतात. ड्राइव्हशाफ्ट एका बाजूने तिरका करून सोडवला की जुना पट्टा मोकळा होतो. इथवरचं काम कुशल माणूस अर्ध्या दिवसात उरकतो.

पुढे दोन वाटा आहेत. एक, जुन्या रेलच्या मागच्या टोकाला जोडपट्ट्या बोल्टने लावून रेल लांबवायची. स्वस्त वाट, आणि १३६ इंचांपर्यंत जायचं असेल तर बऱ्यापैकी चालते. पण आपल्याला पंधरा इंच रेल वाढवायची आहे. तेवढी लांब शेपटी मागच्या दांड्याच्या पलीकडे अधांतरी राहिली तर प्रत्येक खड्ड्यात ती तरफेसारखी उलट जोर लावते आणि रेल वाकतात. म्हणून दुसरी वाट धरायची, एखाद्या डोंगरी यंत्राचा पूर्ण स्किड मिळवून तो बसवायचा. इथे टनेलला नवी भोकं पाडावी लागतात आणि मेकॅनिक सगळ्यात सावकाश होतो तो इथेच. पुढच्या दांड्याचं भोक सेंटिमीटरभर खालीवर झालं तरी पट्टा हिमात शिरण्याचा कोन बदलतो आणि स्कींवरचा भार बदलतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापतात, दोन्ही बाजूंना लावून बघतात, फीत धरून तीनदा मोजतात, मग छोट्या बिटने खूण करतात, आणि शेवटी पूर्ण मापाचं भोक. टनेलचा पत्रा पातळ असतो, म्हणून आतून जाड पट्टीचा आधार लावल्याशिवाय बोल्ट कसत नाहीत.

टनेललाही मागे वाढवावं लागतं. जुने रिव्हेट ड्रिलने उडवायचे, नवा पत्रा जोडायचा, पुन्हा रिव्हेट मारायचे, आणि शेवटी रबरी पडदा टांगायचा. हा पडदा नसला तर पट्ट्याने उडवलेले खडे आणि बर्फाचे तुकडे थेट मागच्या माणसाच्या तोंडावर येतात.

मग पात्यांची उंची. पाती एक इंचावरून पावणेदोनवर गेली की टनेलच्या छताला आणि तिथे असलेल्या थंडाव्याच्या नळ्यांना ती घासू शकतात. यावर जुना उपाय म्हणजे ड्रायव्हर लहान करायचे. २.५२ पिचच्या नऊ दातांच्या ड्रायव्हरचा घेर २२.६८ इंच, आठ दातांचा २०.१६. त्रिज्येत सुमारे दहा मिलिमीटरची जागा मिळते. उरलेली जागा आहे की नाही हे हाताने पट्टा फिरवून, प्रत्येक पातं छताखालून जाताना डोळ्यांनी बघूनच ठरवायचं. नवे ड्रायव्हर शाफ्टवर दाबून बसवताना सगळ्यांचे दात एका ओळीत यायला हवेत. एक जरी पुढेमागे झाला तर पट्टा थडथडतो.

लहान ड्रायव्हरमुळे गिअरचाही अर्धा प्रश्न सुटतो. शाफ्टच्या एका फेऱ्यात आधी पट्टा साडेसत्तावन्न सेंटिमीटर सरकायचा, आता एक्कावन्न. त्याच इंजिनाकडून पट्ट्याला साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो आणि वेग त्या मानाने उतरतो. लांब, जड पट्टा फिरवायला हा जोर लागतोच. त्यातून डोंगरात हवा विरळ असते. दर ३०० मीटर उंचीला साध्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे २४०० मीटरवर जवळजवळ पाव ताकद गेलेली असते. म्हणून काहीजण चेनकेसमधली चक्रंही बदलतात आणि क्लचमधली वजनं हलकी करतात, म्हणजे इंजिन आपल्या नेमक्या फेऱ्यांवर पोचतं.

शेवटी ताण आणि सरळपणा. रेलच्या लांबीच्या मध्यावर पट्ट्याला सातेक किलोंचं वजन टांगून पट्टा किती झुकतो ते मोजतात. बहुतेक यंत्रांना तीन ते पाच सेंटिमीटरच्या आसपास झुकाव लागतो, नेमका आकडा ज्या त्या यंत्राच्या पुस्तकात असतो. ढिला पट्टा ब्रेक लावताना दातांवरून उडतो, घट्ट पट्टा ताकद खातो आणि बेअरिंग जाळतो. मग यंत्र स्टँडवर चढवून पट्टा हळूहळू फिरवायचा, मागे कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, आणि रेलच्या दोन्ही बाजूंची फट बघायची. पट्टा ज्या बाजूला सरकत असेल त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा घट्ट करायचा. पुन्हा फिरवायचा, पुन्हा बघायचं. या शेवटच्या पाव-पाव फेऱ्यांत एखादा तास सहज जातो. इथे कंटाळा केलेला पट्टा पहिल्या आठवड्यातच रेलची एक कड खाऊन टाकतो.

काय गमवावं लागतं

खर्चाची बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे मांडायला हवी. पुढच्या स्की दिशा देतात, पण वळायचं असतं ते मागच्या लांब पट्ट्याला, आणि तो स्वभावाने सरळ जाणारा. वळताना त्याला आडवं घसरावं लागतं, आणि जितकी लांबी जास्त तितका हा विरोध जास्त. मळलेल्या वाटेवरच्या नागमोडी वळणांत १२१ इंची यंत्र चपळाईने वळतं, तर १५१ इंची सरळ पुढे रेटू पाहतं. खोल हिमात चालवणारा यंत्र कलतं करून वळवतो म्हणून ही उणीव तिथे कमी जाणवते. स्कीही रुंद घ्याव्या लागतात, नाहीतर मागची बाजू वर तरंगते आणि अरुंद स्की खाली बुडतात.

दुसरी अडचण उष्णतेची. या यंत्रांत इंजिनाचं पाणी टनेलमधल्या नळ्यांतून फिरतं आणि पट्ट्याने उडवलेलं हिम त्या नळ्यांना थंड करतं. रेलच्या प्लॅस्टिकला वंगण म्हणून तेच हिम. कडक बर्फाळ वाटेवर उडायला मोकळं हिमच नसतं. तिथे लांब पट्ट्याची लांब प्लॅस्टिक पट्टी तापून वितळायला लागते आणि उंच पाती कडक बर्फावर आपटून फाटतात. त्यासाठी जास्तीची चाकं बसवतात आणि मागे ओढल्या जाणाऱ्या स्प्रिंगच्या सळया लावतात, ज्या बर्फ खरवडून उडवत राहतात. ज्याचं निम्म्याहून जास्त फिरणं मळलेल्या वाटांवर आहे, त्याने मोठी उडी घेऊच नये. १३६ इंच आणि दीड इंच पाती त्याला पुरतात.

म्हणूनच पट्ट्याचं माप जागा आणि काम बघून ठरवायचं असतं. गुलमर्गला महाराष्ट्रातून गेलेले पर्यटक ज्या यंत्रावर मागे बसून फेरी मारतात, ते बहुतेक दाबलेल्या हिमावरूनच जातं. तिथे लांब पट्ट्याचं काम नाही. सियाचीनमध्ये आपलं लष्कर सामान आणि आजारी जवान हलवायला स्नो स्कूटर वापरतं, तिथे ओझं ओढण्याचा हिशेब वेगळा. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या तळांचं काम चालतं. तिथल्या जड, पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांनाही भार पसरण्याचा हाच नियम लागू होतो, फक्त आकडे बदलतात.

पट्टा लांबल्यावर

एक हिशेब यंत्राच्या बाहेरचा आहे. आखूड पट्ट्याचं यंत्र तीव्र उतारावर अर्ध्यातच रुतायचं आणि चालवणारा निमूट मागे फिरायचा. लांब पट्टा त्याला वर नेतो, आणि वर हिमकडे कोसळतात. बहुतेक हिमकडे ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि लांब पट्ट्याची यंत्रं नेमक्या त्याच उतारांवर चढू लागली. १३ मार्च २०१० रोजी ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलवाल्यांच्या मोठ्या मेळाव्यावर हिमकडा आला. दोघांचा मृत्यू झाला आणि तीसेक जण जखमी झाले. पूर्वी डोंगरच यंत्राला थांबवत असे. आता कुठे थांबायचं ते चालवणाऱ्याला ठरवावं लागतं. त्या दिवसाचा हिमकड्यांचा इशारा वाचणं, उतारावर एकाच वेळी एकानेच जाणं, बाकीच्यांनी बाजूला सुरक्षित जागी थांबणं, हे तीस इंचांच्या हिशेबातलेच रकाने आहेत.

प्रत्येकाच्या अंगावर शोधयंत्र असतं. ते सतत संकेत पाठवत राहतं आणि गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव सांगतं. पिशवीत घडीची लांब सळई असते, हिमात खुपसून माणूस चाचपडायला. आणि ते फावडं, ज्याने सकाळी यंत्र उकरून काढलं होतं. कोसळून थांबलेलं हिमही तुडवलेल्या हिमासारखंच वागतं. त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि थोड्याच वेळात ते सिमेंटसारखं घट्ट होतं. सकाळी ज्या दहा-पंधरा मिनिटांनी यंत्र सोडवलं, तीच दहा-पंधरा मिनिटं इथे माणसाच्या विरोधात जातात. तेवढ्यात बाहेर काढलेला माणूस बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. म्हणून लांब पट्टा बसवून झालेल्या यंत्राची पहिली चाचणी घ्यायला जाताना जाणते लोक आधी पिशवी उघडून फावड्याचा दांडा नीट बसतो की नाही ते बघतात, आणि मगच अंगठा थ्रॉटलवर ठेवतात.